रायफलचा बोल्ट लोण्यासारखाच हवा का?

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी खरी भरली होती पॅरिसपासून बऱ्याच लांब, शातोरू गावात. तिथे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं आणि एरवी नेमबाजीकडे ढुंकूनही न बघणाऱ्या घरांत टीव्हीसमोर गर्दी झाली. आमच्याकडेही झाली. भाचा मोबाइलवर ती फायनल पुन्हा पुन्हा लावायचा आणि एके दिवशी त्यानं विचारलं, "मामा, प्रत्येक गोळीनंतर तो ती कडी वर-मागे-पुढे-खाली काय करतो? आणि व्हिडिओत एक जण सांगतोय, ती कडी जेवढी स्मूद तेवढा नेम भारी. खरं का?"

कडीच म्हणाला तो. शब्द चपखल आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही. बंदुका विकणारे, बंदुका आवडणारे आणि बंदुकांवर व्हिडिओ करणारे, तिघेही 'स्मूद' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा वेगवेगळी गोष्ट असते.

## आधी दाराचा आल्ड्रॉप बघा

जुन्या घराच्या मोठ्या दाराला बाहेरून आल्ड्रॉप असतो. त्याची मूठ उचलून फिरवायची, दांडा सरकवायचा, मूठ खाली पाडायची. मूठ खाली पडली की दार कितीही धडका, दांडा हलत नाही. रायफलचा बोल्ट म्हणजे हाच आल्ड्रॉप. फक्त तो दाराऐवजी नळीचं मागचं तोंड बंद करतो.

मूठ वर उचलली की बोल्ट मोकळा होतो. मागे ओढला की उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. पुढे ढकलला की नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतुसाच्या मापानं कोरलेल्या जागेत जाऊन बसतं. मूठ खाली पाडली की बोल्टच्या अंगाला असलेले जाड पोलादी खुंटे रायफलच्या खाचांत फिरून अडकतात. या खुंट्यांना 'लग' म्हणतात. मी पुढे खुंटेच म्हणेन. या सगळ्या उघडझापीत कुठेतरी, बहुतेक रायफलींत मूठ वर उचलतानाच, फायरिंग पिनमागची स्प्रिंग दाबून ठेवली जाते. चाप ओढला की ती सुटते, पिन काडतुसावर आदळते आणि बार होतो.

खुंट्यांवर किती भार येतो? शिकारीच्या थ्री-झिरो-एटसारख्या काडतुसात दाब ४,००० बारच्या आसपास जातो. तुमच्या कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. हा भार झेलणं हे बोल्टचं पहिलं काम. तो हाताला गोड लागणं फार नंतरची गोष्ट.

## एका 'स्मूद'मध्ये चार गोष्टी

पहिली म्हणजे नुसती घसरण. बोल्ट ज्या पन्हाळीतून मागे-पुढे सरकतो तिचा पृष्ठभाग किती सफाईदार आहे, कुठे कातकामाचे ओरखडे राहिलेत का, यावर हाताला येणारी खरखर ठरते. दुकानात गिऱ्हाईक बोल्ट दोनदा मागे-पुढे करून "वा!" म्हणतं ते यावरच. फिनलंडची टिक्का नावाची कंपनी (नाव ऐकून भूक लागते, पण इलाज नाही) तिच्या मधल्या किमतीच्या रायफलींमध्येही असा काचेसारखा बोल्ट देते आणि त्यावर तिचं बरंच नाव झालंय.

दुसरी म्हणजे अडकणं. घरातल्या लाकडी कपाटाचा रुंद खण आठवा. दोन्ही हातांनी सरळ ओढला तर सुळकन येतो. एकाच कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होऊन अडकतो, आणि मग जितकं जोरात ओढाल तितका घट्ट. बोल्टची मूठ उजव्या अंगाला असते, म्हणजे आपण बोल्टही कायम एका कोपऱ्यानंच ओढत असतो. बोल्ट आणि पन्हाळ यांत फट जास्त असेल आणि बोल्टला आधार कमी लांबीचा असेल, तर तो तिरका होऊन अडखळतो. पृष्ठभाग आरशासारखा असला तरी अडखळतो. पहिल्या गोष्टीवर उपाय म्हणजे सफाई. या दुसऱ्या गोष्टीवर उपाय म्हणजे मुळातली रचना, आणि ती विकत घेतल्यावर बदलत नाही.

तिसरी म्हणजे मूठ उचलताना लागणारा जोर. यात घर्षणापेक्षा स्प्रिंगचा वाटा मोठा असतो. बहुतेक आधुनिक रायफलींमध्ये मूठ उचलतानाच पिनची स्प्रिंग दबते. एका तिरप्या चढावर पिनला वर ढकलत न्यावं लागतं. आता घाट आठवा. रस्ता लांबून वळणं घेत गेला तर चढ सौम्य लागतो, सरळ पायऱ्या चढल्या तर धाप लागते, उंची तीच. दोन खुंट्यांच्या बोल्टची मूठ साधारण ९० अंश उचलावी लागते, तीन खुंट्यांच्या बोल्टची ६० अंश. स्प्रिंग तीच असेल तर तेवढंच काम दोन तृतीयांश वाटेत उरकायचं, म्हणजे सरासरी जोर दीडपट. म्हणून तीन खुंट्यांची रायफल पहिल्यांदा हातात घेणारा म्हणतो, "जड आहे हो." ती खराब नसते; ती पायऱ्यांनी चढवते एवढंच. त्या बदल्यात मूठ कमी उचलावी लागते आणि वरच्या दुर्बिणीला हात लागत नाही.

आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान् पिढ्या दिसलेली थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड, याच्या उलट चालते. तिची स्प्रिंग मूठ उचलताना दबत नाही, बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या टप्प्यात दबते. त्यामुळे उचलणं हलकं आणि बंद करताना शेवटी ढकल. अंगाचं वजन पुढे टाकून बंद करायची सवय झालेल्या सैनिकाला ते सोयीचं वाटायचं. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश सैनिकाकडून मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्यांची अपेक्षा असे, ती याच बोल्टच्या जिवावर. टार्गेट रायफलवर हात बसलेल्या माणसाला मात्र तीच शेवटची ढकल खुपते.

चौथी गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते. बार झाला की पितळी पुंगळी दाबानं फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि मग थोडी आकसते. स्वयंपाकघरात एकात एक घातलेले स्टीलचे पेले अडकतात ना, तसंच. अडकलेले पेले नुसते ओढून निघत नाहीत, जरा पिळून सैल करावे लागतात. बोल्टची मूठ वर जाताना शेवटच्या टप्प्यात एका तिरप्या पृष्ठभागामुळे बोल्ट किंचित मागे ढकलला जातो आणि पुंगळी सैल होते. रिकाम्या रायफलवर या चौथ्या गोष्टीचा अनुभव येतच नाही. म्हणजे दुकानातल्या "वा!"मध्ये ती कधी नसतेच.

## गोळीला यातलं काय कळतं?

जवळजवळ काहीच नाही. गोळी नळीतून जात असते तेव्हा बोल्ट जागेवर घट्ट बसलेला असतो. तो तिथे येताना लोण्यातून आला की खडीवरून, याचा त्या गोळीशी संबंध नाही.

नेम ठरतो तो वेगळ्या गोष्टींवर. नळी किती एकसारखी कोरली आहे, चेंबर नळीच्या मध्यरेषेत आहे का, खुंटे खाचांना सारखे टेकतात का, लाकडी किंवा फायबरच्या दस्त्यात रायफल हलत नाही ना, काडतुसं एकसारखी आहेत का, चाप सुटताना कळतो का. चाप सुटल्यापासून पिन आदळेपर्यंत काही मिलिसेकंद जातात. तेवढ्यातही नळी हलते, म्हणून पिन हलकी आणि स्प्रिंग पुरेशी ताकदवान हवी. आणि मघाशी पाहिलं तसं ताकदवान स्प्रिंग म्हणजे मूठ उचलायला जड. म्हणजे एका बाबतीत नेमाला चांगलं ते हाताला वाईट.

१८९८ सालची मौजर रायफल घ्या. आजच्या बहुसंख्य बोल्ट रायफली तिच्याच लेकी-नाती. तिचा बोल्ट पूर्ण मागे ओढला की डावीकडे-उजवीकडे सैल डुलतो, नवख्याला वाटतं गेली कामातून. बंद केला की खुंटे बसतात आणि डुलणं संपतं. ती फट मुद्दाम ठेवलेली आहे, चिखल-माती जायला.

## मग ऑलिंपिकवाले एवढे हळवे का?

हा आक्षेप बरोबर आहे. टार्गेट रायफलवाले बोल्टला इतकं जपतात की विचारू नका. त्यासाठी त्यांच्या टार्गेटवर थोडं थांबूया.

५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. शर्टाच्या बटणाएवढं, आणि ते पन्नास मीटरवर. प्राथमिक फेरीत गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून वीस-वीस अशा साठ गोळ्या. स्वप्नीलचे साठ गोळ्यांत ५९० गुण होते आणि तेवढ्यावर तो सातवा होता. आठच फायनलला जातात.

आता आकडेमोड करून बघू. रायफलचा दस्ता खांद्याला आणि नळीचं टोक पुढे, मध्ये साधारण मीटरभर अंतर धरा. नळीचं टोक एक दशांश मिलिमीटर सरकलं, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाच्या जाडीएवढं, तर पन्नास मीटरवर गोळी पाच मिलिमीटर सरकेल. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ५.२ मिलिमीटर. एका कागदाच्या जाडीत दहाचा नऊ होऊ शकतो, आणि सातव्या-आठव्यामधला फरक तेवढाच असतो.

झोपून मारताना नेमबाज काय करतो ते बघा. डाव्या दंडाला पट्टा बांधून रायफल जखडलेली, डावं कोपर चटईवर रुतलेलं, दस्ता खांद्याच्या खळग्यात, गाल लाकडावर. हे सगळं अशा रीतीनं जुळवायचं की स्नायू सैल सोडले तरी नळी आपोआप दहाकडे बघत राहील. हे जुळवायला काही मिनिटं जातात. आणि मग प्रत्येक गोळीनंतर उजवा हात सोडून बोल्ट उघडायचा, पुंगळी काढायची, बोटांनी एकच काडतूस ठेवायचं, बोल्ट बंद करायचा. या खेळात मॅगझिन नसतं, एकेक गोळी हातानं भरावी लागते. म्हणजे जुळवलेल्या मांडणीला सामन्यात दर गोळीमागे एक धक्का. मूठ जड असेल तर ती उचलताना रायफल स्वतःभोवती पिळली जाते, दस्ता खळग्यातून केसभर सरकतो, कोपर हलतं. चांगला नेमबाज पुन्हा तपासतोच, तसाच मारत नाही. पण तपासायला लक्ष लागतं, आणि लक्षही दिवसाच्या शेवटी संपणारी वस्तू आहे.

कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला झोपून मारायच्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या. साठ गोळ्यांत ५९७. म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्न वेळा बोल्ट उघडून-मिटून परत त्याच जागी. गुळगुळीत बोल्टचा उपयोग हा असा आहे: गोळीला तो कळत नाही, खांद्याला कळतो.

उभ्या पोझिशनला हे फारसं लागू नाही. तिथे रायफल दर गोळीनंतर खाली टेकवली जाते आणि मांडणी नव्यानंच जुळवावी लागते. बोल्ट जरा खरखरला तर बिघडत नाही.

## घड्याळ सुरू झालं की

ऑलिंपिक प्राथमिक फेरीत घाई नसते. पण काही खेळांत बोल्टवरच मिनिटं नि सेकंद जातात.

बायथलॉन हा बर्फावरचा खेळ आपल्याकडे कुणी बघत नाही, पण बोल्टसाठी बघावा. स्कीवरून धापा टाकत यायचं, पन्नास मीटरवरच्या पाच चकत्या पाच गोळ्यांत पाडायच्या, पुन्हा पळायचं. झोपून मारताना चकती ४५ मिलिमीटरची, उभ्यानं ११५ची. बऱ्याच प्रकारांत एक चुकली की दीडशे मीटरचा जादा फेरा. काळीज धडधडत असताना मूठ उचलून फिरवायची म्हणजे रायफल डुगडुगणारच. म्हणून १९८० च्या दशकात जर्मनीच्या आन्शुट्झ कंपनीच्या रायफलींवर 'फोर्टनर' नावाचा सरळ ओढायचा बोल्ट आला. त्यात फिरवणं नाहीच. तर्जनीनं मागे ओढायचा, अंगठ्यानं पुढे ढकलायचा. हाताची मूठ दस्त्यावरून सुटत नाही. या खेळातल्या जवळजवळ सगळ्यांनी तो उचलला. इथे गुळगुळीतपणा ही चैन नाही.

दुसरं टोक बेंचरेस्टचं. इथे रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांत बसवलेली असते आणि पाच गोळ्या एकमेकींच्या भोकात घालायच्या असतात. वारा एकसारखा वाहतोय तेवढ्या काही सेकंदांत पाचही मारून टाकणारे लोक आहेत. बोल्ट अडखळला तर रायफल पिशवीवरून सरकते, वारा बदलतो, डाव गेला. त्यांचे बोल्ट खास हातानं बसवलेले, अगदी नेमक्या मापाचे असतात आणि छतवाल्या स्वच्छ रेंजवरच वापरले जातात. शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

## शिकारीत प्रश्न दुसऱ्या गोळीचा

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हौसेची शिकार हा गुन्हा आहे. माणसाच्या जिवाला किंवा पिकाला धोका असेल तर वन खात्याच्या परवानगीनं काय ते. त्यामुळे शिकारीचा बोल्ट हा विषय खरा नॉर्वे, स्वीडन, जर्मनी, अमेरिका या देशांतला, जिथे परवाना, हंगाम आणि कोटा ठरवून हरणं-डुकरं मारली जातात. नॉर्वेत तर मोठं जनावर मारणाऱ्याला दर वर्षी परीक्षा द्यावी लागते. शंभर मीटरवर रेनडिअरचं चित्र, पाच गोळ्या, पाचही ठरलेल्या भागात.

शांतपणे मचाणावर बसून, एका जागी उभ्या जनावरावर पहिली गोळी मारताना बोल्टचा काही संबंध येत नाही. तो आधीच बंद असतो. संबंध येतो पहिली गोळी नीट न बसल्यास. जखमी जनावर झाडीत शिरायच्या आत दुसरी गोळी मारता आली पाहिजे, ही तिथल्या शिकाऱ्याची नैतिक जबाबदारी मानली जाते. डुकरं हाकून काढण्याच्या जर्मन शिकारीत जनावर पळतच असतं, म्हणून तिथे ब्लाझरच्या १९९३ च्या आर-९३ सारख्या सरळ ओढायच्या रायफलींना मागणी आली.

पण दुसरी गोळी चुकते ती बोल्टच्या खरखरीमुळे कमी आणि हातामुळे जास्त. माझ्यावर बेतलेलं सांगतो. क्लबात गंमत म्हणून साठ सेकंदांत दहा गोळ्यांची स्पर्धा होती, रायफल मॅगझिनची पॉइंट टू-टू (०.२२ इंची छोट्या काडतुसाची), बोल्ट अख्ख्या क्लबात सगळ्यात मऊ. तिसऱ्या गोळीनंतर मी तो दुर्बिणीतून नजर न काढता, अगदी हळुवार मागे घेतला आणि पुढे सरकवला. चाप ओढला. टिक्. मूठ उचलतानाच स्प्रिंग दबली होती, म्हणून रायफल 'तयार' वाटली. पण बोल्ट पूर्ण मागे गेलाच नव्हता, त्यामुळे पुढचं काडतूस उचललंच गेलं नाही. बोटभर कमी ओढला एवढंच. शेजारच्या लेनवरचे निवृत्त सुभेदार हसून म्हणाले, "अहो, तो बोल्ट आहे, बाळाचा पाळणा नव्हे." तेव्हापासून मी बोल्ट मागच्या टोकाला ठण्णकन आपटेपर्यंत ओढतो. मऊ बोल्ट माणसाला लाडावतो, हे माझं मत. खडबडीत रायफल वापरणारा मुळातच दणकून चालवतो आणि त्याला हा त्रास कमी होतो.

राहिला आवाजाचा मुद्दा. जवळ आलेलं जनावर बोल्टच्या खडखडाटानं उधळू शकतं. पण पहिल्या गोळीच्या आधी तो चालवायची वेळ सहसा येत नाही, आणि पहिल्या गोळीनंतर जंगलाला तुमची खबर लागलेलीच असते.

## सगळ्यात गुळगुळीत रायफल हरली, ती कशी?

बोल्टच्या गुळगुळीतपणाचा विषय निघाला की एक नाव हमखास येतं: क्राग-योर्गेनसन. नॉर्वेच्या कोंग्सबर्गमध्ये तयार झालेली ही रायफल १८८९ मध्ये डेन्मार्कनं, १८९२ मध्ये अमेरिकेनं आणि १८९४ मध्ये खुद्द नॉर्वेनं सैन्यासाठी घेतली. तिचा बोल्ट आजही हातात घेतलेला माणूस विसरत नाही. नॉर्वेत 'स्तांग' नावाची स्पर्धा असते, २५ सेकंदांत जमतील तितक्या गोळ्या टार्गेटवर. तिथे लोक बोल्टची मूठ अंगठा आणि तर्जनीत धरून ठेवतात आणि चाप मधल्या बोटानं ओढतात. क्रागनं त्या खेळात बरीच वर्षं राज्य केलं.

आणि तरी अमेरिकेनं दहा-अकरा वर्षांत ती बाजूला ठेवली. १ जुलै १८९८ ला क्युबातल्या सान हुआन टेकडीवर क्राग घेतलेल्या अमेरिकनांसमोर मौजर घेतलेले स्पॅनिश सैनिक होते. मौजरचा बोल्ट क्रागएवढा लोण्यासारखा नव्हता. पण मौजरमध्ये पाच काडतुसांची क्लिप वरून एका दाबात रिकामी होई, आणि क्रागमध्ये बाजूचं झाकण उघडून सुटी काडतुसं आत टाकावी लागत. शिवाय क्रागला पुढे एकच खुंटा. पुढच्या वर्षी जास्त ताकदीची काडतुसं वापरून पाहिली तर काही रायफलींचे खुंटे तडकले. शेवटी १९०३ मध्ये अमेरिकेनं मौजरच्या धर्तीची स्प्रिंगफील्ड घेतली आणि मौजर कंपनीला पेटंटचे पैसेही मोजले.

## अति तिथे माती, शब्दशः

मघाशी बेंचरेस्टच्या नेमक्या मापाच्या बोल्टबद्दल बोललो. तसाच बोल्ट घेऊन लढाईला गेलं तर काय होतं, हे कॅनडानं पाहिलंय. सर चार्ल्स रॉस यांची रायफल क्वेबेकमध्ये बनायची, सरळ ओढायचा बोल्ट, टार्गेटवर अप्रतिम. पहिल्या महायुद्धात कॅनडाचे सैनिक ती घेऊन फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत उतरले. तिथे चिखल, आणि ब्रिटिश कारखान्यांतली कमी-जास्त मापाची काडतुसं. चेंबर इतकं नेमकं की जरा जाड पुंगळी चिकटून बसे, आणि मागे ओढताना बोल्ट अडणीवर आपटून त्याच्या आट्या चेपत. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत सैनिक बुटाच्या लाथेनं बोल्ट उघडत होते. मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफिल्ड उचलून कित्येकांनी आपल्या रॉस टाकून दिल्या. त्यातही एक भयंकर दोष होता: बोल्ट चुकीचा जोडला तर तो बंद झाल्यासारखा दिसे, पण खुंटे अडकलेले नसत, आणि बार केला की बोल्ट मागे तोंडावर येई. १९१६ मध्ये ती सैन्यातून काढली. दूरवर दबा धरून मारणाऱ्या स्नायपरांनी मात्र ती ठेवून घेतली. त्यांना वेळ होता, आणि रायफल स्वच्छ ठेवता येत होती.

म्हणून शिकारीच्या रायफलचा बोल्ट मागे ओढल्यावर जरा डुलत असेल तर नाक मुरडू नका.

## "घासून गुळगुळीत करता येईल की!"

येईल, आणि तिथेच लोक वाट लावतात. बोल्टचे खुंटे आणि मूठ उचलताना पिन जिथून चढते तो तिरपा चढ, या जागी बऱ्याच रायफलींत पोलादाला वरून कडक केलेली कातडी असते, पातळ. पॉलिश पेपरनं घासून ती गेली की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं आणि थोड्या दिवसांत बोल्ट आधीपेक्षा जास्त खरवडायला लागतो. खुंट्यांची मागची बाजू घासली तर बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांतलं अंतरच वाढतं, आणि ते धोक्याचं. दुसऱ्या रायफलचा मऊ बोल्ट उचलून आपल्यात घालणंही त्याच कारणानं वर्ज्य. बोल्ट आणि रायफल यांची जोडी ठरलेली असते.

स्प्रिंग कापून मूठ हलकी करणारे महाभागही आहेत. मूठ हलकी होते खरी, पण पिन कधी नीट आदळते कधी नाही, आणि टार्गेटवर गोळ्या वर-खाली पसरायला लागतात. पॉइंट टू-टूमध्ये तर स्फोटक काडतुसाच्या बुडाच्या कडेत असतं, तिथे अर्धवट ठोसा चालत नाही.

तेलाचं म्हणाल तर शिलाई मशीनवाल्या काकूंना विचारा. दोन थेंब मशीनला, चार थेंब धुळीला. खुंट्यांच्या मागच्या बाजूला ग्रीसचा बारीक ठिपका, बाकी अंगावर बोटानं पुसल्यासारखं तेल, आणि चेंबर पूर्ण कोरडं. चेंबरला तेल राहिलं तर पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सगळा भार थेट खुंट्यांवर येतो. पॉइंट टू-टूच्या गोळीला मेणासारखा लेप असतो. त्याचा आणि जळक्या बारुदाचा चिकट थर बोल्टच्या तोंडाशी साचतो. 'बोल्ट जड झाला' अशा पॉइंट टू-टूच्या तक्रारी बऱ्याचदा जुन्या टूथब्रशनं मिटतात. आपल्या पावसाळ्यात वर गंज. आणि नवी रायफल असेल तर ती रिकामी आहे ना हे डोळ्यांनी आणि बोटानं तपासून, टीव्ही बघता बघता दोन-तीनशे वेळा बोल्ट चालवा. त्यानं जे होतं ते घासकामानं होत नाही.

## हातात घेऊन पाहताना

काउंटरवर उभं राहून, रायफल आडवी धरून, दोन बोटांनी बोल्ट सरकवू नका. तसा ती कधी वापरणार नाही. खांद्याला लावा, गाल टेकवा, नजर समोर ठेवा आणि मग चालवा. एकदा हळू, एकदा जोरात, एकदा मुद्दाम मूठ खाली दाबत तिरकी. अडकली तर ती खणाची गोष्ट, सफाईची नाही. शक्य असेल तर मॅगझिनमध्ये नकली काडतुसं भरून चालवा, कारण रिकामा बोल्ट सगळ्यांचाच छान सरकतो. चाप ओढलेल्या स्थितीतून मूठ उचलून बघा, म्हणजे स्प्रिंगचं खरं वजन कळेल. झोपून टार्गेट मारायचं असेल तर या वजनाला मान द्या, त्यासाठी पैसे मोजा. उभ्यानंच मारत असाल तर तेच पैसे चांगल्या काडतुसांवर घाला.

भाच्याला एक गोष्ट मात्र दोनदा सांगितली, इथेही सांगतो. रोज मऊ चालणारी मूठ एखाद्या दिवशी बार झाल्यावर अचानक उचलेना, तर ते पेले जरुरीपेक्षा घट्ट अडकलेत. काडतुसात दाब जास्त झाला असेल, चेंबर घाण असेल, नाहीतर काडतूसच चुकीचं असेल. तेल शोधायला जायचं नाही, हातोडीही नाही. नळीचं तोंड समोर ठेवायचं, रेंजवरच्या जबाबदार माणसाला हाक मारायची, आणि त्या पेटीतलं पुढचं काडतूस त्या दिवशी भरायचं नाही.